रेडियल इंजिनात तेल जातं कुठे?

आरसी, म्हणजे रिमोटने उडवायच्या मॉडेल विमानांच्या मैदानावर टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिनं दिवसभर किंचाळत असतात, त्यांच्याकडे कुणी मान वळवूनही बघत नाही. एखाद्याने पाच सिलिंडरचं रेडियल सुरू केलं की मात्र हातातला वडापाव तसाच धरून माणसं जवळ येतात. खर्जातला, थोडा अडखळत लागणारा आवाज, नाकाभोवती चांदणीसारखे मांडलेले सिलिंडर आणि सुरू होताना निघणारा निळसर धूर. धुरावर तर सगळे फिदा. तो धूर म्हणजे रात्रभर खालच्या सिलिंडरमध्ये उतरून बसलेलं तेल जळतंय, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतं.

ठाणे-नवी मुंबईत मोठी मॉडेल्स बांधणारे, उडवणारे हौशी लोक बरेच आहेत. टू-स्ट्रोकवर हात बसला की त्यांतल्या अनेकांना रेडियलची ओढ लागते. मग प्रश्न सुरू होतात: इंधन कमी-जास्त करणारी कार्बोरेटरची सुई किती फेरे उघडायची, प्रॉप (पुढचा पंखा) कितीचा लावायचा, इंधन कोणतं? या सगळ्याची उत्तरं मॅन्युअलमध्ये असतात. इंजिनाचं आयुष्य मात्र ठरतं ते तेलावर: ते कुठून येतं, कुठे साठतं, कुठे पोचतच नाही आणि कुठून बाहेर पडतं. हा रस्ता एकदा डोक्यात बसला की देखभालीची बहुतेक कामं आपोआप सुचतात. म्हणून या लेखात आपण तेलाच्या मागे मागे जाणार आहोत.

पण आधी रचना, थोडक्यात.

रेडियलमध्ये क्रँकशाफ्टवर, म्हणजे प्रॉप फिरवणाऱ्या दांड्यावर, मध्यापासून जरा बाजूला एकच क्रँकपिन असते आणि सगळे सिलिंडर त्या दांड्याभोवती गोल मांडलेले असतात. एका पिनवर पाच कनेक्टिंग रॉड शेजारी शेजारी बसवले तर इंजिन लांबलचक होईल. म्हणून एकच रॉड पिनवर बसतो, त्याला मास्टर रॉड म्हणतात. बाकीचे चार त्याच्याच डोक्याला छोट्या पिनांनी जोडलेले असतात. त्या लिंक रॉडची हालचाल मास्टरपेक्षा किंचित वेगळी असते. पुढे हायड्रॉलिक लॉकबद्दल बोलू तेव्हा हे बारके रॉड लक्षात असू द्या, सगळ्यात आधी मार बसतो तो त्यांना.

फोर-स्ट्रोक रेडियलमध्ये एका रांगेत सिलिंडर नेहमी विषम संख्येने असतात: ३, ५, ७, ९. फोर-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, एकदाच पेटतो. पाच सिलिंडर असतील तर दर १४४ अंशांना एक स्फोट हवा. एक सोडून एक असा क्रम धरला की १-३-५-२-४ असं चक्र पूर्ण होतं आणि गाडी पुन्हा १ वर येते. सहा सिलिंडर ठेवून बघा: १-३-५ झाल्यावर पुन्हा १ च येतो, २-४-६ कोरडेच राहतात. त्यांना मध्ये घुसवायचं तर कुठेतरी दोन स्फोटांमधलं अंतर बिघडणार. तीन सिलिंडरच्या इंजिनात हेच अंतर २४० अंशांचं असतं, म्हणून ते पाचपेक्षा जास्त धडधडतं.

वॉल्व्ह उघडायला प्रत्येक सिलिंडरला वेगळा कॅमशाफ्ट द्यावा लागत नाही. क्रँकभोवती फिरणारी एक कॅम-रिंग सगळ्यांना पुरते. पाच सिलिंडरच्या इंजिनात दोन उंचवट्यांची रिंग क्रँकच्या उलट दिशेने, क्रँकच्या चौथ्या हिश्श्याच्या वेगाने फिरवली की हिशोब जुळतो. कागदावर पेन्सिलने काढून बघा, मजा येते.

एक गैरसमज जाता जाता: पहिल्या महायुद्धातल्या विमानांत क्रँक स्थिर आणि सिलिंडरच फिरायचे, ती रोटरी इंजिनं. दिसायला सारखी, पण जात वेगळी. रेडियलचा खरा काळ त्यानंतरचा. १९२५ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीचं वॉस्प आलं. १९२७ मध्ये लिंडबर्गने अटलांटिक ओलांडला तो राइटच्या नऊ सिलिंडरच्या इंजिनावर. आपल्याकडे २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला जवान घेऊन उतरलेल्या डकोटांना प्रत्येकी दोन रेडियल होती, एकेकात सात-सातच्या दोन रांगा, म्हणजे १४ सिलिंडर. हवाई दलाच्या हार्वर्ड ट्रेनरमध्ये तर वॉस्पच होतं. हार्वर्डचं मोठं मॉडेल बांधणाऱ्याला नाकात टू-स्ट्रोक बसवून वर प्लॅस्टिकचे खोटे सिलिंडर चिकटवणं जिवावर येतं, ते काही उगाच नाही.

मॉडेलच्या दुनियेत जपानच्या सायतो आणि ओएस या कंपन्यांची तीन ते सात सिलिंडरची इंजिनं आणि हंगेरीच्या मोकीची मोठी पेट्रोल रेडियल्स ही ओळखीची नावं. सायतोचं ६० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि मोकीचं २५० सीसीचं पाच सिलिंडरचं, या दोन टोकांमध्ये बहुतेकांची निवड बसते. तेवढ्याच वजनाचं टू-स्ट्रोक जास्त ताकद देतं आणि पैसेही कमी घेतं, हे आधीच सांगून टाकतो. रेडियल घ्यायचं ते आवाजासाठी आणि रूपासाठी. ताकदीचा हिशोब मांडून रेडियल घेणारा माणूस मला अजून भेटायचाय.

तेलाचा रस्ता

खऱ्या विमानातल्या रेडियलला तेलाची वेगळी टाकी असते. एक पंप तेल आत ढकलतो, दुसरा खाली साठलेलं तेल ओढून परत टाकीत पाठवतो. मॉडेलच्या बहुतेक रेडियलमध्ये यातलं काहीच नसतं. तेल इंधनातच मिसळलेलं असतं. ग्लो इंजिनाच्या (यात ठिणगीऐवजी तापलेल्या तारेचा ग्लो प्लग इंधन पेटवतो) मिथेनॉलमध्ये साधारण १५ ते २० टक्के तेल असतं. पेट्रोलच्या फोर-स्ट्रोकमध्ये प्रमाण पुष्कळदा २० ला १, म्हणजे लिटरमागे ५० मिली. तुमच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तोच पाळायचा. स्कूटरच्या सवयीने ४० ला १ करून "धूर कमी झाला" म्हणून खूश होणाऱ्यांनी बेअरिंगचे पैसे बाजूला काढून ठेवावेत.

हे तेल मिश्रणाबरोबर इनटेक पाइपातून सिलिंडरमध्ये जातं. बरंचसं एक्झॉस्टवाटे बाहेर पडतं. थोडं मात्र पिस्टन रिंगांच्या फटीतून, दाबाने गळणाऱ्या गॅसबरोबर, क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या खोक्यात, उतरतं. मास्टर रॉड, लिंक रॉडच्या पिना, बेअरिंगं, कॅम-रिंग, टॅपेट हे सगळं त्या गळक्या तेलावर जगतं. तिथून पुशरॉडच्या नळ्यांतून थोडंसं वॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपर्यंत पोचतं आणि उरलेलं क्रँककेसच्या ब्रीदर निपलमधून, म्हणजे आतला दाब सोडणाऱ्या तोटीतून, बाहेर टपकतं.

म्हणजे क्रँककेसला तेल मिळतं ते इंजिन काम करत असेल तेव्हाच. आणि सगळ्या सिलिंडरना ते सारखं मिळत नाही. तेल खाली वाहतं. खालच्यांचे रॉकर तेलात न्हातात, वरच्याचा रॉकर कोरडा टुकटुक करत असतो. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला निदान वरच्या सिलिंडरची रॉकर कव्हरं उघडून दोन-दोन थेंब तेल सोडायचं.

ब्रीदर कधीही बुजवायचा नाही. नळी मोठ्या भोकाची घ्यायची, कुठे दुमडणार नाही अशी खाली न्यायची आणि तोंड काऊलबाहेर, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाबाहेर, ठेवायचं. ब्रीदर तुंबला तर केसमधला दाब वाढतो आणि तेल पुढच्या बेअरिंगमधून वाट काढतं. मैदानावर त्या नळीला छोटी बाटली लावून ठेवा. दिवसअखेर बाटलीतलं तेल पांढऱ्या टिश्यूवर पसरून उन्हात बघा, इंजिनाचा रिपोर्टच असतो तो. नव्या इंजिनाचं तेल राखाडी येतं, रनिंग-इनमध्ये ते चालायचंच. पुढे ते निवळत गेलं पाहिजे. काळंकुट्ट आणि भरपूर येऊ लागलं तर रिंगांमधून गॅस जास्त गळतोय. उन्हात बारीक चमक दिसली तर बेअरिंग, बुश किंवा गिअर झिजतंय, तिथे उड्डाण थांबवायचं. आणि काहीच येत नसेल तर ती सगळ्यात वाईट बातमी.

खालचे दोन

आता मुख्य दुखणं. पाच सिलिंडरच्या इंजिनात १ नंबर वर असेल तर ३ आणि ४ खाली, डोकं जमिनीकडे करून लटकलेले असतात. इंजिन बंद झालं की क्रँककेसमधलं तेल निथळत त्यांच्यात उतरतं, रिंगांमधून झिरपतं आणि पिस्टनपलीकडे कंबश्चन चेंबरमध्ये जमतं. तीन सिलिंडरच्या इंजिनात खालच्या दोघांचं हेच, सातच्या इंजिनात ४ आणि ५ चं. सुरू करताना प्रायमिंग, म्हणजे आधी थोडं इंधन आत ओढून घेणं, जास्त झालं तर खालच्या इनटेक पाइपांतही कच्चं इंधन साठतं.

हवा दाबता येते, तेल दाबता येत नाही. एक छोटा हिशोब करू. २५० सीसीच्या पाच सिलिंडर इंजिनात प्रत्येक सिलिंडर ५० सीसीचा. कॉम्प्रेशन रेशो ८ धरला तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरणारी जागा सात सीसीच्या आसपास, म्हणजे जेमतेम दीड चहाचा चमचा. ५० सीसीच्या छोट्या पाच सिलिंडर इंजिनात ही जागा दीड सीसीही नसते. तेवढं तेल साठलं की पिस्टनला वर जायला जागाच नाही. अशा वेळी तगडा इलेक्ट्रिक स्टार्टर लावला तर तो थांबणार नाही. काहीतरी वाकणार, आणि वाकतो तो बहुधा लिंक रॉड. वाईट भाग असा की किंचित वाकलेला रॉड तेव्हाच तुटतो असं नाही. इंजिन सुरू होतं, चालतंही, आणि काही तासांच्या उड्डाणांनंतर हवेत असताना तो तुटतो. मग खाली सगळे म्हणतात, "अरे, काल तर मस्त चाललं होतं!"

याला हायड्रॉलिक लॉक म्हणतात. टाळायचा उपाय खऱ्या विमानांचे जमिनीवरचे कर्मचारी वर्षानुवर्षं करत आले आहेत: सुरू करण्याआधी प्रॉप हाताने फिरवणं.

इग्निशनचा स्विच बंद, बॅटरीचा प्लग काढलेला, ग्लो असेल तर ग्लो ड्रायव्हर सुटा. शेपटीकडे एकाने विमान घट्ट धरलेलं. जाड हातमोजा घालून प्रॉप इंजिन फिरतं त्याच दिशेने, अगदी सावकाश फिरवायचा. दोन पूर्ण फेऱ्यांत पाच दाब हाताला लागले पाहिजेत, एकेका सिलिंडरचा एक. हवेचा दाब कसा लागतो ते ओळखून घ्या: तो हळूहळू वाढतो, हाताला उलट ढकलतो आणि थोडा जोर लावला की सुटतो. तेलाचा अडथळा असा वाढत जात नाही. प्रॉप मोकळा येत असतो आणि एकदम थांबतो, उलट ढकलतही नाही. तिथे थांबायचं. "थोडा जोर लावून बघू" हे वाक्य या ठिकाणी महागात पडतं.

दुसरी चूक म्हणजे प्रॉप उलटा फिरवून अडथळा सोडवणं. अडथळा सुटतो खरा, पण इनटेक वॉल्व्ह उघडला की ते तेल मागे पाइपात जातं आणि इंजिन सुरू होताच पुन्हा आत ओढलं जातं. या वेळी तर इंजिन वेगात असतं. योग्य मार्ग एकच: खालच्या दोन्ही सिलिंडरचे प्लग काढा, खाली फडकं धरा, प्रॉप सुलट फिरवून तेल बाहेर येऊ द्या, प्लग पुसून पुन्हा लावा आणि दाब परत मोजा. हे काम पाच-दहा मिनिटांचं आहे, पण काऊल न काढता त्या प्लगांपर्यंत पाना पोचला तरच. विमान बांधतानाच काऊलच्या खालच्या बाजूला पान्यापुरती भोकं ठेवली नाहीत तर हे काम मैदानावर कुणी करत नाही. देवाचं नाव घेऊन स्टार्टर लावतात.

इंजिन विमानातून काढून ठेवत असाल तर शाफ्ट वर करून, मागची बाजू टेबलावर टेकवून ठेवा. मग कुठलाच सिलिंडर खाली राहत नाही.

टॅपेट

बुलेटच्या मेकॅनिकला टॅपेट सेट करताना पाहिलं असेल तर निम्मं काम कळलेलं आहे. फरक इतकाच की इथे वॉल्व्ह दहा असतात आणि रॉकर-वॉल्व्हमधली फट फार बारीक. मॉडेल फोर-स्ट्रोकमध्ये ती साधारण ०.०३ ते ०.१० मिलिमीटरच्या दरम्यान असते.

इंजिन पूर्ण थंड असताना मोजायचं. सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचा, पुशरॉड स्टीलचा. गरम झाल्यावर अ‍ॅल्युमिनियम जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे गरम इंजिनात फट वाढलेली दिसते. गरम असतानाच "जरा सैल वाटतंय" म्हणून आवळलं तर थंड झाल्यावर फटच उरत नाही. वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, दुसऱ्या दिवशी इंजिन सुरूच होत नाही. आणि तसंच चालवलं तर एक्झॉस्ट वॉल्व्हची कड जळते. फट जास्त राहिली तर खटखट वाढते आणि वॉल्व्ह पुरेसा उघडत नाही. त्रास तोही, पण त्यातला त्यात बरा.

क्रम इंजिनाच्या पेटण्याचाच ठेवा: १, ३, ५, २, ४. एक सिलिंडर झाला की प्रॉप १४४ अंश पुढे. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला की दाबाचा स्ट्रोक कळतो, आणि पिस्टन वर आल्यावर त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर हाताला किंचित सैल लागले पाहिजेत. फिलर गेजची पात रॉकर आणि वॉल्व्हच्या टोकामध्ये सरकवा. ती हलकी घासत जायला हवी. अडकायला नको आणि सळसळत निघून जायलाही नको. मग एलन कीने स्क्रू जागच्या जागी धरून लॉकनट आवळा. नट आवळताना स्क्रू त्याच्याबरोबर केसभर फिरतोच, म्हणून आवळल्यावर पात पुन्हा घालून बघणं सोडू नका. निम्मे लोक इथेच चुकतात आणि मग इंजिनाला नावं ठेवतात.

मोजलेले आकडे वहीत लिहून ठेवा. सगळ्या वॉल्व्हची फट थोडी-थोडी बदलली असेल तर ती नेहमीची झीज. एकाच वॉल्व्हची प्रत्येक वेळी बदलत असेल तर तिथला लॉकनट सुटतोय किंवा वॉल्व्हची सीट खराब होतेय. नव्या इंजिनात पहिल्या एक-दोन टाक्यांनंतर हे काम करावंच लागतं, कारण सगळं जागेवर बसत असतं. त्या टाक्या मिश्रण रिच (इंधन जास्त) ठेवून, थोडं चालवून थंड करत काढायच्या. फुल थ्रॉटलची घाई नको.

मिश्रण आणि हवा

कार्बोरेटर एक, सिलिंडर पाच. सुई फिरवून आपण ठरवतो ती सरासरी. प्रत्यक्षात एखादा सिलिंडर जरा रिच चालतो, एखादा लीन, म्हणजे कमी इंधनावर. इंजिनाचा जीव त्या सगळ्यात लीन सिलिंडरमध्ये असतो. म्हणून रेडियल कधीही टू-स्ट्रोकसारखं सर्वाधिक आरपीएमवर नेऊन तिथे सोडायचं नाही. शिखरावरून थोडं रिचकडे परत यायचं. लीन चालवलं की इंधन कमी, पर्यायाने तेलही कमी, आणि उष्णता जास्त.

इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक इथे सोन्यासारखी कामाला येते. इंजिन बंद केल्याबरोबर पाचही सिलिंडरच्या डोक्यांवर रोखा. एक थंड असेल तर तो पेटत नाहीये: प्लग तेलकट झाला, ग्लो गेला किंवा वायर सुटली. एकच फार तापलेला असेल तर त्याच्या इनटेक पाइपची ओ-रिंग हवा ओढतेय का ते आधी बघा. इंजिन मिसिंग मारतंय म्हणून सुई फिरवत बसण्यापेक्षा ही दोन मिनिटं जास्त उपयोगी.

ग्लो इंजिनात खालचे प्लग आयडलिंगला तेलाने विझतात. त्यामुळे विमानातच ग्लो ड्रायव्हर ठेवून कमी थ्रॉटलला ते पेटते ठेवतात. एक प्लग साधारण ३ अँपिअर खातो. पाचांचे झाले १५. बॅटरी आणि वायर तेवढी जाड हवी.

काऊलच्या पुढून हवा आत येते एवढ्यावर समाधान मानू नका. सिलिंडरच्या मधल्या मोकळ्या जागांतून हवा सुखाने निघून जाते, सिलिंडर थंड ठेवणाऱ्या फिन्स तशाच तापत राहतात. पातळ अ‍ॅल्युमिनियम पत्र्याची बॅफल्स लावून ती जागा बंद केली की हवेला फिन्समधूनच जावं लागतं. बाहेर पडायची वाट आत येणाऱ्या वाटेपेक्षा चांगली मोठी ठेवा, कारण गरम हवा फुगलेली असते. मे महिन्यात डोंबिवलीच्या पुढे गेलं की उन्हाचा पारा काय होतो ते सांगायला नको.

पत्र्याची ही कामं आणि एक्झॉस्टची डागडुजी यासाठी वागळे इस्टेट आणि रबाळे-महापेच्या एमआयडीसीतली छोटी वर्कशॉप्स उत्तम. एक्झॉस्टच्या कलेक्टर रिंगला तडे जातात, हे मोठ्या रेडियलचं नेहमीचं रडगाणं. आरगॉन वेल्डिंग करणाऱ्या एका मिस्त्रींनी माझी रिंग हातात फिरवून सांगितलं, "साहेब, पाची पाइप एकाच रिंगला ताठ बांधलेत. तापल्यावर जाणार कुठे ते? वेल्डिंग करून देतो, पण सांधे सरकते ठेवा, नायतर पुढच्या महिन्यात परत याल." इंजिन त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. निदान मात्र अचूक होतं.

लाकडी प्रॉपचंही असंच. खाडीकाठच्या दमट हवेत लाकूड फुगतं, डिसेंबरच्या कोरड्या हवेत आकसतं, आणि हबचे बोल्ट सैल पडतात. दर वेळी उडवण्याआधी पाना लावून बघायचं. हे काही वाढवून सांगत नाही. चाळीस-पन्नास सीसीचा प्रॉपही हात तोडू शकतो आणि मोठ्या रेडियलचा तर त्याहूनही मोठा. सुई नेहमी मागून, प्रॉपच्या पाठीमागे उभं राहून फिरवायची. प्रॉपच्या रेषेत बघ्यांना उभं राहू द्यायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

पेट्रोल, मिथेनॉल आणि पावसाळा

आता पंपावर मिळणारं पेट्रोल म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे त्याच सुईवर मिश्रण लीन होतं. हिशोबाने इंधन ७-८ टक्के जास्त लागतं. परदेशी मॅन्युअलमधली सुईची जागा ही फक्त सुरुवात समजा आणि तिथून थोडी उघडा. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, आणि पाणी पुरेसं झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं. टाकीची इंधन ओढणारी नळी तळाशीच असते. म्हणून उरलेलं इंधन पुढच्या महिन्यासाठी ठेवू नका. लागेल तेवढंच बनवा, धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कार्बोरेटरचे पडदे आणि नळ्या कडक झाल्या की बदला. सिलिकॉनची नळी मिथेनॉलला चालते, पेट्रोलमध्ये ती फुगते, एवढं लक्षात ठेवा.

मिथेनॉल हे विष आहे. आपल्याकडे त्याच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध आहेत, आणि विषारी दारूकांडांचा इतिहास बघता ते असायलाच हवेत. पाण्याच्या बाटलीत ते कधीही भरू नका, आणि फ्लॅटमध्ये साठा करू नका. शेजाऱ्यांचा विचार करा. सोसायटीच्या गच्चीवर इंजिन चालवून बघण्याचा मोहही आवरा, सेक्रेटरींशी भांडण झालं तर दोष तुमचाच.

उडवायचं कुठे हा वेगळाच प्रश्न. ड्रोन नियम २०२१ नुसार २५ किलोपर्यंतचं, शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठीचं आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं विमान हे मॉडेल म्हणून धरलं जातं. मोठी रेडियल मॉडेल्स या वजनात बसू शकतात, पण इंधन भरून वजन करा. हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे, लाल भाग डिजिटल स्काय नकाशावर बघावे लागतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्‌घाटन झालं, त्यामुळे उलवे-पनवेलच्या आसपास पूर्वी "इथे कुणी विचारत नाही" असं म्हणणाऱ्यांनी नकाशा नव्याने उघडावा. मुरबाड-शहापूरकडे वळणारे शहाणे.

राहिला पावसाळा. ग्लो इंजिनात उरलेलं मिथेनॉल पाणी ओढतं, नायट्रोमिथेनच्या ज्वलनातून आम्लं तयार होतात, आणि बेअरिंगं आतून गंजतात. जूनच्या पहिल्या आठवड्याआधी हे करून टाका: टाकी रिकामी करून इंधन संपेपर्यंत इंजिन चालवा, प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं गंजरोधक तेल सोडा, ब्रीदरमधूनही सिरिंजने क्रँककेसमध्ये सोडा, हाताने फिरवा. मग एक्झॉस्ट, इनटेक आणि ब्रीदरला बुचं, आणि इंजिन सिलिका जेलच्या पुड्यांसह मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद. एरंडेल तेलवाल्या इंधनावर चाललेली इंजिनं गंजत कमी, पण चिकटून बसतात. ती जोर लावून फिरवायची नाहीत. हीट गनने हळूहळू गरम केली की सुटतात.

पिशवी उघडायची ती दसऱ्याला, हत्यारांच्या पूजेबरोबर. हळदकुंकू वाहा, झेंडू वाहा, फक्त बुचं काढायच्या आधी. नाहीतर कुंकवाची पूड सिलिंडरमध्ये जाते. बेअरिंग खरखरत असेल तर ते आत्ताच बदलून घ्या. कडेवरचा नंबर घेऊन मुंबईत नागदेवीला गेलात तर बहुतेक बेअरिंगं एका फेरीत मिळतात. त्यानंतर खालचे प्लग काढा, चार महिने साठलेलं तेल बाहेर काढा, वरच्या रॉकरला थेंबभर तेल द्या, टॅपेट मोजा, नळ्या बघा. पहिल्या सुरुवातीला स्टार्टरऐवजी हातानेच फिरवून पाचही दाब मोजा, आणि मगच इग्निशनची बॅटरी जोडा.